तासाला २५ रुपये : संगणकावरील खेळ आणि आपली मुले

"पोरगा दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालून बसतो, काय करावे?" हा प्रश्न ज्या घरात विचारला जात नाही असे घर आज शोधून सापडणार नाही. डोंगरकड्यात एसटीची वाट पाहत उभे राहिले तरी हेच बोलणे कानावर येते. कोणी म्हणतो, फोन काढून घ्या. कोणी म्हणतो, रिचार्ज बंद करा. कोणी दोन थपडा देऊन मोकळा होतो. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आजचा नाही. त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली आहेत. मोबाईलच्या आधी हाच खेळ संगणकावर होता आणि आज जे बाप झाले आहेत त्यांच्यातलेच अनेकजण तेव्हा तो खेळत होते. त्या वेळी कोणाच्या हाती काय लागले आणि कोण रिकाम्या हाताने परतले, हे नीट पाहिले तर आजच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाईल.

'हात लावू नका!'

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. कलमनुरी तालुक्यातले आमचे गाव नव्या जिल्ह्यात गेले, तरी कॉलेजसाठी पाय नांदेडकडेच वळत. संगणक आमच्यापैकी बहुतेकांनी प्रथम पाहिला तोही नांदेडलाच. बरा संगणक घ्यायचा तर तेव्हा तीस ते पन्नास हजार रुपये लागत. मजुराच्या घरात एवढी रक्कम एका वेळी फक्त लग्नात दिसे, आणि तीही कर्जाने.

संगणकाच्या क्लासमध्ये शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. यंत्रावर कापडी झाकण असे. एका संगणकासमोर चारजण बसत. माउस एकाच्या हातात आणि बाकीचे तिघे पाहणारे. ज्याच्या घरी संगणक असे किंवा ज्याचे इंग्रजी बरे असे, त्याच्याच हाती माउस जाई. खेड्यातून आलेला मुलगा मागे उभा राहून वहीत उतरवून घेई. 'बिघडेल, हात लावू नका' हे वाक्य आम्हाला पाढ्यासारखे पाठ झाले होते.

खेळाने नेमकी हीच अडचण दूर केली. खेळायचे म्हणजे हात लावावाच लागतो! मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९० साली विंडोजसोबत पत्त्यांचा 'सॉलिटेअर' हा खेळ दिला आणि १९९२ साली सुरुंग शोधण्याचा 'माइनस्वीपर' दिला. पत्ते ओढून ठेवताना आणि चौकोन उघडताना लोकांचा हात माउसवर आपोआप बसत गेला. विंडोज ९८ असलेल्या प्रत्येक संगणकावर हे खेळ फुकट होते. आज कार्यालयात सफाईने संगणक चालवणाऱ्या कितीतरी लोकांचे पहिले गुरू हे पत्तेच होत.

जुने खेळ, जुनी यंत्रे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. पुढच्या चार-पाच वर्षांत जिल्ह्याच्या गावी नेट कॅफे उघडले. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येई, ते हळू चाले आणि मध्येच तुटे. मग बसलेली मुले वेळ घालवायला खेळ लावीत. हळूहळू खेळासाठीच येऊ लागली.

मोटारसायकलच्या शर्यतीचा 'रोड रॅश' हा आमचा सर्वात लाडका खेळ. त्यात शेजारच्या स्वाराला लाथ मारता येई, साखळीने हाणता येई, आणि पोलिसाने गाठले की शर्यत संपे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मध्ये तळघरातून धावत, उड्या मारत राजकन्येपर्यंत पोचायचे असे. 'डेंजरस डेव्ह' हा लाल टोपीवाला तर प्रत्येक संगणकात ठाण मांडून असे.

त्याच काळात जगात काय चालले होते पाहा. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत 'क्वेक-३' हा नेमबाजीचा खेळ आला. संगणकात चित्र उमटवणारे वेगळे थ्रीडी कार्ड बसवल्याशिवाय तो सुरूच होत नसे. एनव्हिडिया कंपनीचे 'जीफोर्स २५६' हे कार्डही १९९९ सालचेच. त्याआधी ज्या 'थ्रीडीएफएक्स' कंपनीच्या 'वूडू' कार्डाचा सगळीकडे दबदबा होता, तिने डिसेंबर २००० मध्ये आपला कारभार याच एनव्हिडियाला विकला. एवढ्या वेगाने तेव्हा यंत्रे जुनी होत होती. नांदेडच्या कॅफेत असे कार्ड आम्ही कधी पाहिले नाही. म्हणून तिकडे 'क्वेक-३' गाजत असताना आम्ही १९९६ सालचा 'रोड रॅश' खेळत होतो आणि 'प्रिन्स' तर १९८९ सालचा होता. शिळ्या भाकरीसारखे खेळसुद्धा आमच्या वाट्याला शिळेच आले!

हे खेळ येत कुठून? मूळ सीडी घेणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचे सुटे भाग मिळत, तसेच नकली सीडीही मिळत. एक सीडी गावोगाव फिरे आणि तिच्यावरून दहा होत. 'चिप', 'डिजिट' या इंग्रजी मासिकांसोबतही सीडी येई, तीत नव्या खेळांचे नमुने असत. नकली सीडी ही चोरीच, हे आज कबूल केले पाहिजे.

एका तासाची किंमत

आता स्वतःचे सांगतो. मी बी.कॉम.ला असताना त्या कॅफेचा दर तासाला २५ रुपये होता. त्याच वेळी आमच्या गावात बाईमाणसाला दिवसभराच्या खुरपणीचे ३० रुपये मिळत. म्हणजे मी एक तास मोटारसायकल पळवली की आईचा एक दिवस जवळजवळ संपे. हे गणित मला तेव्हाही येत होते. कॉमर्सचा विद्यार्थी होतो ना!

आईने मराठी टायपिंगच्या फीसाठी पैसे दिले होते. त्यातले निम्म्याहून अधिक मी कॅफेत घालवले. शनिवारी घरी गेलो की ती विचारी, "मशीन जमायली का रं?" मी म्हणे, "जमायली." परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी नापास होतो. पुन्हा फी भरावी लागली. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर शेतावर गेली एवढे आठवते. त्या दुसऱ्या फीसाठी ती किती दिवस खुरपायला गेली, हे विचारण्याचे धाडस मला आजही झालेले नाही.

परंतु जमा बाजूही मांडली पाहिजे. पुढे मला नोकरी लागली, कार्यालयात संगणक आला. वरिष्ठ मंडळी माउसला हात लावायला घाबरत, कोणी तो उचलून पडद्याला टेकवी. मला भीती वाटली नाही. ती त्या कॅफेतच गेली होती. मात्र हा खेळ बनवतो कोण, संगणकाला आज्ञा देतात कशी, हे त्या दोन वर्षांत मी एकदाही कोणाला विचारले नाही. पैसे दिले, खेळलो, उठलो. माझे खरे नुकसान झाले ते इथे.

आणि माझी धाकटी बहीण? गणितात ती माझ्यापेक्षा हुशार. पण कॅफे ही मुलींनी जाण्याची जागा नव्हे, असे घरात ठरलेले होते आणि मीही तेच म्हणत होतो. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात निघाले. लग्नानंतर तिने तो अभ्यासक्रम केला. पहिल्या दिवशी माउस धरताना हात थरथरत होता, असे तिनेच मला सांगितले. माझ्या चुकीतून मला निदान धीर तरी मिळाला. तिला चूक करण्याचीही संधी आम्ही दिली नाही.

झोपडपट्टीतली 'सुई' आणि 'डमरू'

खेळताना मूल शिकते का? २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात सुगाता मित्रा या शास्त्रज्ञाने एनआयआयटी संस्थेच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडपट्टी होती. शिकवायला कोणी नव्हते, 'हात लावू नका' म्हणायलाही कोणी नव्हते. मुलांनी खेळता-खेळता, चित्रे काढता-काढता यंत्र चालवायला शिकून घेतले. पडद्यावरच्या बाणाला ती 'सुई' म्हणू लागली आणि थांबा सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही हा प्रयोग झाला. गरिबाच्या मुलाला डोके कमी नसते, त्याला यंत्र कमी पडते, हे यातून दिसले.

दक्षिण कोरियाचे उदाहरणही बोलके आहे. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तेथे 'पीसी बांग' नावाची संगणक-खेळांची दुकाने गल्लोगल्ली वाढली. १९९८ साली आलेल्या 'स्टारक्राफ्ट' या खेळाने तरुणांना वेड लावले. २००० साली तर खेळांचे सामने दाखवणारी दूरदर्शन वाहिनी निघाली आणि खेळणे हा काहींचा पेशा झाला. मात्र त्यामागे शासनाने घराघरात पोचवलेले वेगवान इंटरनेट होते, हे विसरून चालणार नाही. आमच्याकडे तेव्हा भारनियमनात दिवा टिकत नव्हता.

खेळ बनवणारे कोण होते?

'काउंटर-स्ट्राइक' हा जगभर गाजलेला खेळ १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी तयार केला. त्यांनी 'हाफ-लाइफ' हा दुसऱ्यांचा खेळ घेऊन त्यात फेरफार केले आणि २००० साली व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेऊन बाजारात आणला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' करताना जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला धावायला व उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र उतरवले. आम्ही कॅफेत ज्याला पळवीत होतो, तो कोणाचा तरी भाऊ होता! आपल्या देशात १९९७ साली बंगळूरला 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' आणि १९९९ साली मुंबईत विशाल गोंडल यांची 'इंडियागेम्स' या खेळ बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. म्हणजे ज्या वर्षी आम्ही २५ रुपये मोजून खेळत होतो, त्याच वर्षी काही तरुण त्यातून रोजगार उभा करीत होते. दोघांनीही खेळच पाहिला होता. त्यांनी त्याचे झाकण उघडून आत पाहिले, आम्ही पाहिले नाही.

आजचा खेळ वेगळा आहे

जुन्या खेळाचा एक गुण होता. तो संपत असे. राजकन्या सुटली की प्रिन्स संपला, तास भरला की कॅफेवाला उठवी. आजचा मोबाईलवरचा खेळ संपत नाही, कारण खेळणारा उठला तर कंपनीचे नुकसान होते. फुकट म्हणून तो घरात येतो, मग कपडे, बंदुका, हिरे विकत घ्यायला लावतो. त्याहून वाईट म्हणजे पैसे लावून खेळायचे खेळ. त्यांनी कितीतरी कष्टकरी घरे कर्जात लोटली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली. तरीही चोरवाटा असतात. खात्यातून पैसे फसवणुकीने गेले तर लाजून गप्प बसू नका, १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, फोन हिसकावू नका. हिसकावला तर मूल लपून खेळते, मी लपून खेळलो तसे. वेळ ठरवून द्या आणि त्या वेळेत मोकळेपणी खेळू द्या.

दुसरी गोष्ट, घरातल्या पैशांचा व्यवहार मुलाच्या खेळाच्या फोनवर ठेवू नका. नाइलाज असेल तर पिन त्याला सांगू नका.

तिसरी गोष्ट, मुलाला घरातली मिळकत सांगा. एका दिवसाची मजुरी किती आणि त्यात काय काय येते, हे आठवी-नववीच्या मुलाला चांगले कळते. माझ्या आईने ते कधी बोलून दाखवले नाही. बोलली असती तर कदाचित मी लवकर उठलो असतो.

चौथी गोष्ट, ज्याला खेळाची खरी ओढ आहे त्याला खेळ बनवायला लावा. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २००७ साली मुलांसाठी 'स्क्रॅच' नावाचे साधन काढले. ते फुकट आहे. त्यात ठोकळे जोडून लहानसा खेळ तयार करता येतो. शाळेत संगणक असेल तर गुरुजींना भेटा, कुलूप उघडायला सांगा. झाकण घालून ठेवलेला संगणक बिघडत नाही हे खरे, पण तो कोणाला शिकवीतही नाही.

पाचवी गोष्ट सर्वात महत्त्वाची. मुलाला जे द्याल ते मुलीलाही द्या. तेवढाच वेळ आणि चुकायची तेवढीच मोकळीक.

आज संध्याकाळी कामावरून आल्यावर मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी दहा मिनिटे बसा आणि म्हणा, "हा खेळ कसा चालतो, मला दाखव बरे." मग विचारा, "हा कोणी बनवला असेल?" हा प्रश्न मला वयाच्या विसाव्या वर्षी कोणी विचारला नाही. तुमच्या मुलांना तो आजच विचारा.