नवा रेडिएटर आधी धुऊन घ्या



आपल्याकडची काही मुले आता घरीच व्हिडिओ एडिटिंग, डिझाइनची कामे करतात. त्यातल्या एकदोघांनी पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर स्वतः जोडायला घेतला आहे, म्हणून हे लिहीत आहे.

मागच्या दिवाळीत माझ्या पुतण्याने असा एक जोडला. मी म्हटले, आधी धुऊन घे. "काका, सगळं नवं आहे, धुवायचं काय त्यात?" तीन आठवड्यांत नळीतले पाणी गढूळ झाले आणि प्रोसेसर तापू लागला. ब्लॉक उघडला तर खाचांत मेणचट थर बसलेला. प्रोसेसर वाचला, पण सगळे उतरवून पुन्हा जोडण्यात चार दिवस गेले आणि एका लग्नाचा व्हिडिओ वेळेवर देता आला नाही.

ही घाण येते कुठून? आपल्याकडे कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकायचा ते जुन्या लोकांना आठवत असेल. नवसागराने धातूवरचा मळ निघतो, म्हणून कथील धरते. रेडिएटरच्या तांब्या-पितळेच्या नळ्यांना डाक देतानाही असाच पदार्थ वापरतात, त्याला फ्लक्स म्हणतात. कारखान्यात धुऊनही तो थोडा आत राहतो. सोबत डाकाचे बारीक मणी, रंगाचे पापुद्रे. प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकमधल्या खाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असतात. रेडिएटरमधून सुटलेला कचरा नेमका तिथेच अडकतो.

म्हणून सर्वांत जास्त मेहनत रेडिएटरवर. हाताला सोसणार नाही इतके गरम, पण उकळते नाही, असे पाणी अर्धे भरा, तोंडे बंद करा, हातमोजे घालून दोन-तीन मिनिटे जोरात हलवा आणि पांढऱ्या बादलीत ओता. बादली पांढरीच घ्या, म्हणजे काय पडले ते दिसते. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहायचे. पाच-सहा वेळा लागते, कधी दहा.

काहीजण व्हिनेगर वापरतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. आंबट पदार्थ धातू खातो. आतून उघडे तांबे असेल तर पातळ केलेले व्हिनेगर काही मिनिटे चालते, निकेलचा मुलामा असेल तर अजिबात नको. माझे मत विचाराल तर गरम पाणी आणि धीर पुरतो.

शेवटची दोन धुणी डिस्टिल्ड वॉटरचीच. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इथेही चढेल. आरओचे पाणीही डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार उरतात. इन्व्हर्टरसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी चालेल, पण लेबल वाचून घ्या. त्याच दुकानात बॅटरीचे अ‍ॅसिडही तशाच कॅनमध्ये असते.

ब्लॉक, टाकी, नळ्या साध्या कोमट पाण्याने धुवा. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट लावू नका, तडे जातात. रबराच्या रिंगा जागेवर आहेत का पाहा. आणि एका गोष्टीला धुण्याचा इलाज नाही: तांब्याच्या ब्लॉकसोबत अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घेतला असेल तर परत करा. दोन धातू एका पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतेच. ट्रॅक्टरमध्ये नुसत्या पाण्याऐवजी कूलंट घालतात, ते गंज रोखण्यासाठीही असते.

जोडून झाल्यावर डिस्टिल्ड पाणी भरून फक्त पंप एक दिवस चालवा. बाकी कशालाही वीज नको; त्यासाठी पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगला लावायचा जंपर मिळतो. पंप कोरडा फिरवू नका, त्याचे वंगण पाणीच असते. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा, थेंब लगेच दिसतो. मग ते पाणी टाकून कायमचे कूलंट भरा.

पुण्यात आयसरमध्ये बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही पाण्यानेच थंड होतो, तेव्हा तंत्र भरवशाचे आहे. दुकानात तयार मिळणारे बंद कूलर मात्र कारखान्यातच भरलेले असतात. ते धुवायला म्हणून उघडू नका.