अर्धवट गोधडी आणि नव्या कापडाचा मोह

दिवाळीच्या साफसफाईत बॉक्स बेडमधून रजया बाहेर निघाल्या, की त्यांच्या तळाशी एक गाठोडे हमखास सापडते. अर्धवट राहिलेल्या गोधडीचे. आईच्या नऊवारीचे अस्तर, मुलांच्या झबल्या-फ्रॉकचे तुकडे आणि चार-पाच ओळींनंतर थांबलेला धावदोरा. ज्या बाळासाठी गोधडी शिवायला घेतली, ते एव्हाना कॉलेजात जाऊ लागलेले असते. शेजारी मात्र नव्या कापडाच्या दोन पिशव्या भरून ठेवलेल्या असतात!

दिल्लीत राहणाऱ्या, हातकामाची आवड असलेल्या अनेक गृहिणींची ही कथा आहे. यात आळसाचा भाग थोडा आणि मोहाचा अधिक.

मोह पावलोपावली

दिल्लीत हा मोह टाळणे सोपे नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या आयएनए येथील दिल्ली हाटमध्ये कारागीर साधारण पंधरवड्याने बदलतात. गेल्या खेपेला कच्छचे भरतकाम पाहिले असेल, तर या खेपेला बंगालची कंथा समोर येते. फरीदाबादजवळच्या सूरजकुंडला १९८७ पासून हस्तकलांचा मेळा भरतो, तोही फेब्रुवारीत, म्हणजे हातातली गोधडी संपत आलेली असताना. कनॉट प्लेसजवळचे शंकर मार्केट तर कापडासाठीच प्रसिद्ध.

शिवाय तुकडे निवडणे, रंग जुळवणे यात जी गंमत आहे, ती शेकडो टाके एकसारखे घालण्यात नाही. मनातली नवी गोधडी नेहमीच सुंदर दिसते, कारण तिचा अजून एकही टाका चुकलेला नसतो.

पूर्वी त्या पूर्ण कशा होत?

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, बिहारची सुजनी म्हणा किंवा कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी, या सगळ्यांचा जन्म घरातल्या जुन्या कापडातून झाला. जुनी लुगडी, धोतरे साठली की गोधडी शिवायला घेतली जाई. नवे कापड आणण्याचा प्रश्नच नव्हता. दुपारी शेजारणी जमत, चारही बाजूंनी टाके पडत. थंडी तोंडावर आलेली असे आणि पांघरूण हवेच असे. आज रजई, ब्लँकेट विकत मिळते. गरज संपली, तशी मुदतही संपली. म्हणून आता ती आपणच आपल्याला घालून घ्यावी लागते.

आधी हिशेब मांडा

पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब गोधडी घ्या. एकेक इंचावर उभे धावदोरे घातले, तर ६० ओळी होतात. प्रत्येक ओळ साडेसात फुटांची, म्हणजे एकूण ४५० फूट, १५० वार शिवण. आकडा मोठा वाटतो, पण रोज दोन ओळी घातल्या तर काम एका महिन्यात संपते. अर्ध्या इंचावर टाके हवे असतील, तर दोन महिने. दहा वर्षे मनावर असलेले ओझे प्रत्यक्षात इतकेच असते.

दिल्लीच्या ऋतूंचाही उपयोग करून घ्या. मे-जूनच्या उकाड्यात जाड गोधडी मांडीवर घेववत नाही. तेव्हा तुकडे कापावेत, छोटे चौकोन जोडावेत. दसऱ्याच्या सुमारास गच्चीवर चटई टाकून थर पसरावेत आणि मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घालावेत, म्हणजे चुण्या पडत नाहीत. मग हिवाळ्याच्या उन्हात बसून धावदोरा घालावा. उठताना सुई कापडात टोचून ठेवू नये. तिच्या गंजाचा डाग सहसा निघत नाही.

तीन ढीग करा

सगळी गाठोडी एकदा उघडा. जी पूर्ण करायची, ती एका बाजूला. जी जमणार नाही, ती लहान करा. अर्ध्या गोधडीचे दुपटे, बसकर किंवा उशीचा अभ्रा सहज होतो. ज्यात आता मन नाही, ती देऊन टाका. १९९९ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘गूंज’ ही संस्था जुने कापड गोळा करते. त्यातून तिथे सुजन्याही शिवल्या जातात.

नवी कल्पना सुचली तर तिला नाही म्हणू नका. कापडाचा एक तुकडा वहीत चिकटवा, शेजारी चार ओळी लिहा आणि वही मिटा. एक गोधडी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीचे कापड कापायचे नाही, एवढा नियम पुरे.

वेळ का दवडू नये?

घडीत पडून सुती साडी विरते. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवणे कठीण होऊ लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणता तुकडा कुणाच्या कपड्याचा, हे फक्त शिवणारीलाच ठाऊक असते. ती ओळख सांगणारे कुणी उरले नाही, की गाठोडे बोहारणीकडे जाते. दिल्लीत भांड्यांच्या बदल्यात गेलेले असे जुने कपडे रघुवीरनगरच्या बाजारात विकले जातात. आईची नऊवारी तिथे नुसते जुने कापड ठरते.

तेव्हा यंदा सर्वांत जुने गाठोडे आधी बाहेर काढा. दसऱ्याला सुरू केलेली गोधडी संक्रांतीपर्यंत आरामात पूर्ण होते आणि त्याच थंडीत घरच्यांच्या अंगावर पडते.