पेसा गावांचा पैसा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आदिवासी गावांच्या निधीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: एवढे कोट्यवधी रुपये जातात, त्यांचं होतं काय? प्रश्न रास्त आहे. पण हा पैसा मुळात कुणाचा, हे विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

बहुतेकांना ती सरकारची मेहेरबानी वाटते. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची संख्या 1 कोटी 5 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 9.35 टक्के. राज्याच्या योजनेतून लोकसंख्येच्या प्रमाणात रक्कम आदिवासी उपयोजनेला मिळावी, अशी शिफारस सुकथनकर समितीने केली आणि 1993-94 पासून ते धोरण आलं. हा हिस्सा आहे, खैरात नव्हे. 2015 मध्ये या उपयोजनेतला 5 टक्के निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींविषयीचा कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना लोकसंख्येनुसार थेट देण्याचा निर्णय झाला. तो अबंध, म्हणजे ठरावीक योजनेला न बांधलेला, असला तरी पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि जल-वन-वन्यजीव संवर्धन याच बाबींवर खर्च करायचा असतो.

दुसरा गैरसमज खुद्द कार्यालयांतही आढळतो: ग्रामपंचायत म्हणजेच ग्रामसभा. पंचायत म्हणजे निवडून आलेले मूठभर सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. 1996 च्या पेसा कायद्याने विकासकामांना मंजुरी, लाभार्थ्यांची निवड आणि पंचायतीने केलेल्या खर्चाचा दाखला हे अधिकार ग्रामसभेला दिले. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रातल्या एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि मुख्य गावातले पुढारी बहुधा सगळ्यांच्या वतीने बोलतात. म्हणूनच कायद्याने पाड्यालाही स्वतंत्र गाव आणि स्वतंत्र ग्रामसभा होण्याची वाट मोकळी ठेवली. महाराष्ट्राचे नियम आले 2014 मध्ये, कायद्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी. त्यात ग्रामसभा कोषाचीही तरतूद आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेपुढेच ठेवायचा असतो. कोषातून काय करायचं हे परस्पर ठरवून गावाकडून नुसत्या सह्या घेतल्या, तर ते बेकायदा आहे. हे ठणकावून सांगितलंच पाहिजे.

‘अशिक्षित लोकांना व्यवहार कसा जमणार’ ही शंका तर फार जुनी. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने तिचं उत्तर कृतीने दिलं. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्यांपैकी हा एक. तरी बांबू विकता येईना. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं, पण तो बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनविभागाच्या हाती होता. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक गावचे देवाजी तोफा यांच्या हाती आलं आणि ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची उलटसुलट तपासणी होते. कितीशा नगरपालिका अंदाजपत्रकावर एवढा वेळ देतात?

आज गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलावही स्वतः करतात. हंगामात फळीवर, म्हणजे पानांच्या संकलन केंद्रावर, गेलात तर दिसेल: सत्तर पानांचं एकेक पुडकं मोजून नोंद होते, मजुरी तोडणाऱ्याला आणि स्वामित्वाची रक्कम ग्रामसभेला. अडचणी आहेतच. ठेकेदार पैसे थकवतात, निधी उशिरा येतो, नोंदी ठेवायला प्रशिक्षित माणूस नसतो. यावर उपाय प्रशिक्षणाचा आणि वेळेवर पैसे देण्याचा आहे, अधिकार काढून घेण्याचा नव्हे.

आदिवासी कर भरत नाहीत, असंही छातीठोक सांगितलं जातं. प्राप्तिकराची ती सवलत ईशान्येतली काही राज्यं, सहाव्या अनुसूचीतले प्रदेश आणि लडाख इथल्या अनुसूचित जमातींसाठी, तिथल्या उत्पन्नापुरती आहे. महाराष्ट्रातल्या आदिवासी शिक्षकाच्या पगारातून इतरांसारखाच कर कापला जातो, आणि साबणावरचा जीएसटी पाड्यावरची बाईही भरते.

ग्रामसभा म्हणेल तो कायदा, हा समज मात्र उलट्या बाजूचा आणि तितकाच चुकीचा. भूसंपादनात पेसा सल्लामसलत बंधनकारक करतो, प्रत्येक वेळी नकाराधिकार देत नाही. पण वनहक्कांच्या बाबतीत ग्रामसभेचं म्हणणं किती जड असतं, हे ओडिशातल्या नियमगिरीने दाखवलं: 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला आणि ती खाण झाली नाही.

तुम्ही पेसा गावात राहत असाल, तर पुढच्या ग्रामसभेत कोषाचं पासबुक आणि गेल्या वर्षाचा खर्च वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा कायदेशीर हक्क आहे.