नंबर निघाला, डोळे तपासायचे राहिले

चष्म्याच्या बहुतेक दुकानांवर एक पाटी असते: ‘कॉम्प्युटरद्वारे डोळे तपासणी मोफत’. आत गेलं की हनुवटी टेकवायला सांगतात. यंत्रात दूरवर एक फुगा दिसतो, धूसर होतो, पुन्हा स्पष्ट होतो आणि शेजारून एक चिठ्ठी छापून बाहेर येते. मग फ्रेमा बघायच्या. चाळिशी लागलेल्या कित्येकांची डोळ्यांची तपासणी एवढ्यात आटोपलेली असते. ज्यांना चष्मा लागलाच नाही, त्यांची तेवढीही होत नाही. शाळेत कधीतरी लांबून अक्षरं वाचायला लावून कोणीतरी ‘डोळे चांगले’ असा शेरा दिलेला असतो आणि त्या शेऱ्यावर पुढची तीस वर्षं निघतात.

दुकानातलं यंत्र फसवं नाही. ते डोळ्यात अवरक्त किरण सोडतं आणि आतून परतणाऱ्या प्रकाशावरून नंबराचा अंदाज बांधतं. फुगा ठेवलेला असतो तो तुमची नजर लांब लागून राहावी म्हणून. पण नंबराखेरीज त्या यंत्राला काही कळत नाही. डोळ्यातला दाब किती, मागची नस कशी आहे, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या ठीक आहेत का, याबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नसतं. नजर कायमची घालवणारे पुष्कळसे आजार मात्र तिथेच सुरू होतात.

म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे पहिल्यांदाच जाणाऱ्या मोठ्या माणसाला आधी आश्चर्य वाटतं ते वेळेचं. दीड-दोन तास सहज मोडतात. सुरुवात बहुधा ऑप्टोमेट्रिस्टकडे होते. समोर तो ओळखीचा तक्ता. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हर्मन स्नेलन या नेत्रतज्ज्ञाने तो 1862 मध्ये तयार केला; आपल्याकडे देवनागरी अक्षरांचे तक्तेही असतात. 6/6 म्हणजे निरोगी नजर जी ओळ 6 मीटरवरून वाचते, ती तुम्हीही तेवढ्याच अंतरावरून वाचलीत. 6/12 म्हणजे तिला जी ओळ 12 मीटरवरून वाचता येते, तिच्यासाठी तुम्हाला 6 मीटरपर्यंत जवळ यावं लागलं. शहरातल्या दवाखान्यात एवढी लांब खोली कुठून आणणार? म्हणून पुष्कळ ठिकाणी तक्ता डोक्यामागे आणि समोर आरसा असतो.

इथे भलीभली माणसं परीक्षेला बसल्यासारखी वागतात. अंदाजाने अक्षरं ठोकून देतात. एका डोळ्याने वाचताना पाठ झालेली ओळ दुसऱ्याने धडाधड म्हणून दाखवतात. डोळे बारीक करतात; तसं केलं की फट अरुंद होऊन थोडं जास्त स्पष्ट दिसतं, पण मग निघालेला नंबर भरवशाचा राहत नाही. भिंगं बदलत ‘हे बरं की हे?’ असं विचारलं जातं, तेव्हा ‘दोन्ही सारखंच’ हेही उत्तरच आहे. योग्य नंबर जवळ आल्याची ती खूण असू शकते.

प्रत्येक डोळा वेगळा झाकून तपासतात, त्यात काहींना धक्का बसतो. एक डोळा लहानपणापासून अधू आहे, हे पस्तिशी-चाळिशीत कळतं. दुसऱ्या डोळ्याने इतकी वर्षं सगळं भागवलेलं असतं. याला आळशी डोळा म्हणतात. मेंदूने त्या डोळ्याकडून काम करून घ्यायला लहानपणीच शिकायचं असतं. ते राहून गेलं, तर मोठेपणी चष्म्याने फारसा फरक पडत नाही. पण कळण्याला अर्थ आहे. अशा माणसाने वेल्डिंग, ग्राइंडर, फटाके यांच्या जवळ संरक्षक चष्म्याशिवाय जाऊ नये, कारण राखीव असा दुसरा डोळा नाही.

मग दाब. यंत्रातून हवेचा फुत्कार डोळ्यावर येतो, माणूस दचकतो. दुखत नाही. शंका आली तर डॉक्टर बधिर करणारा थेंब घालून, निळ्या प्रकाशात, बुबुळाला हलकेच टेकणाऱ्या उपकरणाने दाब पुन्हा मोजतात. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा पट्टा. मात्र बुबुळावरची पारदर्शक काच जाड असली तर आकडा जास्त येतो, पातळ असली तर कमी. त्यामुळे नुसत्या आकड्यावर खूश होण्यात किंवा घाबरण्यात अर्थ नाही.

खरा कंटाळवाणा भाग थेंबांचा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून बाकावर बसवतात. आधी चुरचुरतं, मग अर्ध्या तासात मोबाइलवरची अक्षरं विरघळायला लागतात. पुष्कळ जण इथेच ‘थेंब पुढच्या वेळी घालू’ म्हणून काढता पाय घेतात, आणि ती पुढची वेळ येत नाही. हे थेंब टाळू नयेत. लहान बाहुलीतून पडद्याचा मधला भाग कसाबसा दिसतो, कडा दिसत नाहीत. थेंबांचा परिणाम चार-सहा तास राहतो, उजेड सहन होत नाही, म्हणून दुचाकी घेऊन जाऊ नये. सोबत कोणीतरी आणि गॉगल असावा. काहींच्या डोळ्यात पाणी वाहून जाण्याचा कोन अरुंद असतो. अशांना थेंबांनी दाब एकदम चढू शकतो, म्हणून डॉक्टर आधी तो कोन बघतात.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं सगळ्यात मोठं उत्तर काचबिंदू. मोतीबिंदूसारखाच हा एक बिंदू, पिकला की काढून टाकू, असं अजून घराघरांत समजतात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसतं. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस झिजते आणि गेलेली नजर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली सांभाळता येते, एवढंच. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, तक्त्यावर 6/6 सुद्धा येतं. नजर कडेकडेने जाते आणि तिथे काळं दिसत नाही, मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून ती जागा भरून काढतो. तुमच्या-माझ्या प्रत्येक डोळ्यात नस जिथे शिरते तिथे जन्मजात एक आंधळी जागा आहे. ती कधी जाणवली आहे? काही जणांत दाब 21 च्या आत असतानाही नस झिजते. म्हणून नस प्रत्यक्ष बघावी लागते, आणि शंका वाटली तर नजरेचा आवाका मोजणारी फील्ड टेस्ट करावी लागते. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर धोका बराच वाढतो.

मधुमेहाचं वेगळं. टाइप 2 मधुमेह कळला त्याच वेळी पडदा तपासायचा आणि पुढे साधारण दरवर्षी, कारण साखर कळण्याआधी ती किती वर्षं वाढलेली होती हे कोणालाच ठाऊक नसतं. इथेही सुरुवातीला नजर उत्तम असते.

जाताना औषधांची यादी न्यावी, डोळ्यांशी संबंध नसलेल्या औषधांचीसुद्धा. क्षयावरच्या इथॅम्ब्युटॉलने काही रुग्णांत डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो. संधिवातासाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बरीच वर्षं घेतलं तर पडद्याला इजा होऊ शकते. प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन चालू असेल, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला ते ठाऊक असलंच पाहिजे. आणि स्टेरॉइड. डोळा खाजतो म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंब पुष्कळदा स्टेरॉइडचे असतात. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस ते महिनोन्‌महिने घालत राहतो, आणि त्याने दाब चढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. डोळ्याच्या बाबतीत आपल्याकडे यापेक्षा निष्काळजी सवय दुसरी नसेल.

तक्रार नसेल, तर अमेरिकी नेत्रतज्ज्ञांची संघटना चाळिसाव्या वर्षी एक पूर्ण तपासणी सुचवते. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात काचबिंदू असेल तर त्याआधीच. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, पडदा ओढल्यासारखं वाटलं, किंवा डोळा लाल होऊन ठणकतोय आणि उलट्या होताहेत, तर वयाचा प्रश्न नाही, त्याच दिवशी जायचं. खर्चाची धास्ती असेल, तर जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग असतात. रांग मोठी असते, एवढंच.

निघताना हातातला कागद नीट बघा. नंबराखेरीज दाब, नस आणि पडदा यांची नोंद त्यावर हवी. नसेल तर तिथेच विचारा. विचारायला लाजू नका, आणि तो कागद फेकू नका; पुढच्या वेळी डॉक्टर त्यातल्याच आकड्यांशी तुलना करणार आहेत.