‘लहान आहे, भरून निघेल’ : एका दिलाशाची किंमत

डोक्याला मार लागलेल्या मुलाचे टाके निघाले, की घरी भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगून जातो : ‘लहान आहे, भरून निघेल. मुलांचा मेंदू लवचिक असतो.’ शेजारी सांगतात, नातेवाईक सांगतात, शाळेतही हेच ऐकू येतं. हेतू चांगलाच असतो. पण याच भरवशावर मुलाला लगेच नेहमीच्या बाकावर, पूर्ण वेळ बसवलं जातं. पुढे अभ्यासात जे बिघडतं त्याचा संबंध अपघाताशी कुणी जोडत नाही.

या समजुतीला विज्ञानाचा आधार म्हणून मार्गारेट केनार्ड यांच्या 1930च्या दशकातल्या प्रयोगांकडे बोट दाखवलं जातं. माकडांच्या मेंदूतल्या हालचालींशी संबंधित भागाला इजा झाल्यावर पिल्लं प्रौढांपेक्षा चांगली सावरतात, असं त्यांना दिसलं. हालचालींमध्ये! वाचन, गणित, संयम, मैत्री यांचा तिथे प्रश्नच नव्हता. शिवाय काही पिल्लांमधले दोष वाढत्या वयात उघड झाले, हे खुद्द केनार्ड यांनीच नोंदवलं होतं. ते मात्र कुणी सांगत नाही. पुढे मेलबर्नमध्ये व्हिकी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा उलटंच चित्र दिसलं : गंभीर इजा कोवळ्या वयात झाली, तर पुढच्या शिकण्याला धोका जास्त.

मोठ्या माणसाजवळ शिकून झालेलं पुष्कळ असतं. मुलाचं बहुतेक शिकणं अजून व्हायचं असतं. नियोजन करणं, लक्ष टिकवणं, राग आवरणं यासाठी लागणारा कपाळामागचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळे पहिलीत इजा झालेलं मूल दुसरी-तिसरीत ठीक दिसतं. बाई एकच, सूचना छोट्या. पाचवी-सहावीत तासागणिक शिक्षक बदलतात, निबंध स्वतः रचावा लागतो, अपूर्णांकाच्या गणितात तीन पायऱ्या एकदम डोक्यात धराव्या लागतात, आणि तिथे ते अडतं. शेरा ठरलेला : ‘आळशी झालाय’, ‘नाटकं करतो’. आधीचे पाढे घडाघडा म्हणता येत असतील, तर संशय आणखी वाढतो. पण जुनं आठवणं शाबूत राहूनही नवं शिकणं मंदावू शकतं. दुपारपर्यंत थकून चिडणाऱ्या या मुलाला शिक्षा करणं हा उघड अन्याय आहे.

‘सीटी स्कॅन नॉर्मल आहे’ हा दिलासाही असाच अपुरा. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचं फ्रॅक्चर दिसतं; मंदावलेला विचारांचा वेग दिसत नाही.

लगेच पूर्ण वेळ शाळा हे एक टोक; दुसरं टोक म्हणजे मुलाला आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवणं. कन्कशनबद्दल, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या सौम्य धक्क्याबद्दल, 2022च्या अॅम्स्टरडॅम परिषदेतल्या तज्ज्ञांचं मत स्पष्ट आहे : पहिले एक-दोन दिवस शांतपणे घरी, स्क्रीन कमी, मग टप्प्याटप्प्याने शाळा. खेळाच्या स्पर्धा त्यानंतर. गंभीर इजेत वेळापत्रक अर्थातच डॉक्टर ठरवतील.

‘सवलती फक्त जन्मजात दिव्यांगांना’ हेही खोटं. आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूची इजा वेगळी नोंदलेली नाही, ही खरी उणीव आहे. अमेरिकेच्या शिक्षण कायद्यात ती 1990पासून आहे. तरी इजेमुळे आलेलं अपंगत्व यादीतल्या एखाद्या प्रकारात बसलं, तर प्रमाणपत्र मिळू शकतं. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आपल्या 2016च्या कायद्याच्या 17व्या कलमात आहे.

वर्गात करायच्या बऱ्याच गोष्टींना तर कागदही लागत नाही. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, मधे शांत जागी विश्रांती, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी वहीची झेरॉक्स, एका वेळी एकच सूचना, निम्मा गृहपाठ. पेनसिल्व्हेनियात 2007 साली सुरू झालेल्या ‘ब्रेनस्टेप्स’ उपक्रमातली पथकं अशा मुलाच्या शाळेला त्याचं शिक्षण संपेपर्यंत सल्ला देतात. आपल्याकडे हे काम पालकांवरच पडतं : दर जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना भेटून डिस्चार्ज कार्डाची प्रत द्यायची, आणि गेल्या वर्षी मूल कुठे अडलं, कशाने सावरलं, हे एका पानावर लिहून सोबत जोडायचं.