माळाला झाडे लावू नका

पावसाळा आला की महाराष्ट्रात वृक्षारोपणाचा हंगाम सुरू होतो. २०१९ साली तर राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तोडलेले जंगल पुन्हा उभे करायचे असेल तर हे ठीकच. पण खड्डे खणायला मोकळी जागा लागते आणि ती बहुतेकदा माळावर सापडते. तिथे लावलेली झाडे जगली, तर माळ मरतो.

सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा. पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर, मुरमाड जमिनीवर वीतभर माती. इथे पूर्वी दाट जंगल होते, ते तुटून माळ उरला, असा आपला समज. पुरावे वेगळेच सांगतात. उन्हाळी प्रदेशात वाढणारी ‘सी-४’ गटातली गवते भारतीय उपखंडात ७०-८० लाख वर्षांपूर्वीपासून पसरू लागली, म्हणजे माणसाच्या हातात कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधी. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तर जुन्या मराठी ग्रंथांत आणि लोकगीतांत आलेली झाडेझुडपे धुंडाळली. तेराव्या शतकापासूनच्या या उल्लेखांतून पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात दिसतो तो गवताळ, काटेरी, विरळ झाडांचाच मुलूख.

पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी ही माळाची खरी पिके. त्यांचे कोंब जमिनीलगत असतात, त्यामुळे शेंडा चरला गेला किंवा वणव्यात जळला तरी पहिल्या पावसात ती पुन्हा फुटतात. कार्बनचा मोठा साठा मुळांत आणि मातीत राहतो, आगीपासून सुरक्षित. या गवतांना एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. गिरिपुष्पासारखे झपाट्याने वाढणारे परदेशी झाड दाट लावले की खालचे गवत विरळ होते. मग चिंकारा, काळवीट आणि धनगरांच्या मेंढ्या, सगळ्यांचाच चारा आटतो.

माळावरचे पक्षी तर उघड्या जमिनीवरच जगतात. धाविक, चंडोल आणि माळढोक जमिनीवर अंडी घालतात. शत्रू लांबून दिसावा हेच त्यांचे संरक्षण. झाडे वाढली की नजर अडते आणि अंड्यांवर टपणाऱ्या कावळ्यांना बसायला फांद्या मिळतात. माळढोकाची मादी हंगामात सहसा एकच अंडे घालते, त्यामुळे गेलेले अंडे भरून येणे अवघड. सोलापूर-नगर भागात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, नान्नज त्याचे केंद्र. आज तिथे हा पक्षी क्वचितच दिसतो. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, तेही बहुतेक जैसलमेर परिसरात. या ऱ्हासाला शिकार, पाण्याबरोबर पसरलेली बागायत आणि विजेच्या तारा जबाबदार आहेत, आणि त्यात अधिवासाच्या बदलाचाही वाटा आहे.

मुळात दोष कागदावरचा. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही, लाकूडही मिळत नाही, ती ब्रिटिशांच्या दप्तरात ‘पडीक’ ठरली. स्वातंत्र्यानंतरही तोच शिक्का कायम राहिला. १९८५ साली तर पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळच स्थापन झाले. पडीक ठरलेल्या जागेवर लागवड करा, सौर प्रकल्प उभारा, औद्योगिक वसाहत आणा, कोणी हरकत घेत नाही.

माळ राखायला फार खर्च लागत नाही. दाट लावलेली परकी झाडे काढायची, बोर-बाभळीसारखी मूळची विरळ झाडे राहू द्यायची, आणि काही पट्टे पावसाळ्यात चराईपासून मोकळे ठेवून बी धरू द्यायचे. चराई पूर्ण बंद करणे मात्र उपयोगाचे नाही, कारण चरणाऱ्या जनावरांसोबतच ही गवते घडली आहेत. हे नियोजन धनगरांशी बोलूनच व्हायला हवे.

तेव्हा यंदा रोप हातात घेण्याआधी एवढेच विचारा: या जमिनीवर आधी काय होते? उत्तर ‘गवत’ असेल, तर रोप दुसरीकडे लावा.