वाटाड्या देवमासा

वाणगाव स्टेशनावर उतरून तुम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलात आणि ओहोटीच्या वाळूत पाच मीटर लांबीचा, काळाभोर, घागरीसारख्या गोल डोक्याचा एक प्राणी पडलेला दिसला, तर त्याला काय म्हणाल? ‘देवमासा!’ हेच ना? पण जून २०१५ मध्ये रेवदंड्याला वाहून आलेला प्रचंड निळा प्राणीही देवमासाच होता. त्याला दात नसतात. तो पाणी गाळून बारीक जीव खातो. तुमच्यासमोरच्या प्राण्याला मात्र दात आहेत. तो खोल समुद्रात बुडी मारून माकुळ पकडतो. तो आहे पायलट व्हेल, खरे पाहता डॉल्फिनच्याच कुळातला! आणि दोघांपैकी एकही मासा नाही. दोघेही फुप्फुसांनी श्वास घेणारे, पिलांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत.

पायलट म्हणजे वाटाड्या; आपल्या जुन्या दर्यावर्दींचा शब्द ‘अरकाटी’. कळपाला एक म्होरक्या वाट दाखवतो, या समजुतीतून हे नाव पडले. इंग्रज कोळी त्याला ‘काळा मासा’ म्हणत. कोणी डोक्यावरून ‘मडकेडोक्या’ म्हणत. शास्त्रीय नाव ‘ग्लोबिसेफाला’ म्हणजेही गोल डोक्याचा. एकाने रंग पाहिला, दुसऱ्याने आकार, तिसऱ्याने वागणूक!

नावांची एवढी उठाठेव कशाला, असे तुम्ही विचाराल. १८५२ साली कलकत्त्याजवळच्या खाऱ्या पाण्यात असा एक कळप अडकला. एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याला ‘इंडिकस’ हे वेगळे नाव दिले. पुढे ती आखूड परांची, उष्ण समुद्रांत सर्वत्र आढळणारी जातच ठरली. जानेवारी १९७३ मध्ये तामिळनाडूत मणप्पाड येथे १४७ पायलट व्हेल किनाऱ्याला लागले. शास्त्रज्ञांनी जात ओळखून नोंद केली. म्हणूनच जानेवारी २०१६ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऐंशीच्या आसपास प्राणी आले, तेव्हा ही त्याच जातीची पुनरावृत्ती आहे हे कळले. नुसते ‘देवमासे आले’ एवढेच लिहिले असते, तर हा धागा जुळला असता का?

त्या वेळी कोळ्यांनी काही प्राणी खोल पाण्यात ओढून सोडले. पण त्यांतले काही परत किनाऱ्याकडेच वळले. चाळीसहून अधिक मेले. या प्राण्यांत मुलगे-मुली मोठे झाल्यावरही आईच्या कळपातच राहतात. एक अडकला, की बाकीचे त्याला सोडून जात नाहीत. जी माया खोल समुद्रात तारते, तीच उथळ पाण्यात घात करते.

तेव्हा असा प्राणी दिसलाच, तर शेपटी धरून ओढू नका. अंग ओले ठेवा. डोक्यावरच्या श्वासछिद्रात मात्र पाणी जाऊ देऊ नका. वनखात्याला ताबडतोब कळवा. लांबी, रंग, डोके, दात, पर आणि तारीख वहीत टिपा. शेजारच्या मच्छीमार आजोबांना त्याचे नाव विचारा आणि तेही लिहून ठेवा. कदाचित ते नाव अजून कोणत्याच पुस्तकात आलेले नसेल!